सर्व्हर धाकटीला, पण पेटी न जोडता

मी, या घराचा मालक, धंद्याने नेटवर्कची कामे करणारा, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर आपल्या मर्जीने हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी तपासले आहे. पुढचे वाचून थोरल्याला शंका येणारच, म्हणून ही खबरदारी.

१. घर आणि बँकेतली शिल्लक थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना निम्मी निम्मी. भांडू नका.

२. हत्यारे गल्लीतल्या वायरमनला. ड्रिल मशीन मेव्हण्याने मागून नेले ते नेलेच. ते आता त्याचेच समजावे, पण भोक पाडताना माझी आठवण काढावी.

३. सगळ्यांचे फोटो आणि कागद साठवलेली स्टोरेजची पेटी, म्हणजे सर्व्हरला जोडायचा डिस्कांचा डबा, थोरल्याला. मागच्या खोलीतला सर्व्हर धाकटीला, एका अटीवर: त्यातल्या 'गाणे' या फोल्डरवर कुठलीही पेटी पुन्हा जोडायची नाही.

कारण सांगतो. त्या खोलीत तुमची आई गाणे शिकवायची. माइकवरचे रेकॉर्डिंग सर्व्हर आपोआप पेटीत टाकायचा. पेटी जोडायला सर्व्हरवर एक रिकामा फोल्डर लागतो. पेटी त्यावर बसली की तिच्यातले दिसते आणि खाली काही असलेच तर झाकले जाते. तुमची आई गेल्यावर माइक मी काढून टाकला. परवा डिस्क बदलायला पेटी सोडवली. खालचा फोल्डर रिकामा असायला हवा होता. तो रेकॉर्डिंगांनी भरलेला निघाला, आणि तारखा सगळ्या ती गेल्यानंतरच्या.

आवाज तिचाच. "अहो, ऐकू येतंय का? दार कुणी लावून घेतलंय?" प्रत्येकात हेच, पुढे पुढे रडवेले. इतकी वर्षे मीच तिला झाकून ठेवले होते.

थोरला म्हणाला, "बाबा, सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल. पुसून टाकू या." अरे, घड्याळ चुकेल, पण माइक नसताना आवाज कुठून येईल? पुसलेस तर घरातला तुझा हिस्साही धाकटीचा.

पेटी सोडवल्यापासून ती रडत नाही. काल नवे रेकॉर्डिंग आले. ती म्हणते, "आलात एकदाचे! बसा." त्यावर माझा आवाज, "अगं, जरा दम खाऊ दे." मी हे अजून बोललेलो नाही. म्हणून ही घाई. भीती वाटते, पण तिला पुन्हा कोंडायला हात धजत नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली. तारीख डॉक्टरीणबाईंच्या हातची.

सही: लिहून ठेवणार

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई. सही माझ्यासमोर केली. पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २: समोरचे शिंपीकाका. माझ्याही समोर केली. मग खुर्चीत टेकले आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "अगं, जरा दम खाऊ दे." डॉक्टरीणबाई अजून त्यांची नाडी शोधत आहेत.