मामंजींनी पास केलेलं मशीन

ती. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कट्‌ असा आवाज झाला, तरी नमस्कार अर्धवट सोडलेला नाही, पुरा धरावा.) वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो का? तू रोज फिरायला जातोस की नुसतेच बूट घालून गॅलरीत बसतोस? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, आणि हे वाक्य मी या वेळी सवयीने नाही, छाती फुगवून लिहिते आहे. तुझी बहीण जिंकली, दादा!

तू मला भंगारातला बसच्या दाराचा हवेचा सिलिंडर दिला होतास, त्याचं मी सोल कापायचं मशीन केलं हे तुला ठाऊक आहेच. फोमचा पत्रा टेबलावर पसरायचा, पायाने पेडल दाबायचं, की कॉम्प्रेसरची हवा सुटते आणि पावलाच्या आकाराचा धारदार साचा वरून धप्पकन येतो. बुटात घालायचा मऊ सोल तयार. (कोपऱ्यावरचा बूटवाला, ज्याला आम्ही घरात ‘घाईघाई’ म्हणतो, तो माझे सोल स्वतः घालून फिरतो. याहून मोठं प्रमाणपत्र नाही.) मशीन झकास होतं, दोष एकच. साच्याखाली फोम आहे की माणूस, हे त्याला कळत नव्हतं.

आणि माणूस होते आमचे मामंजी. सासरे म्हणून देवमाणूस, पण निवृत्त गणिताचे मास्तर, त्यामुळे कोणतीही वाकडी रेघ त्यांना सहन होत नाही. त्या दिवशी फोम जरासा तिरका पडला होता. मी पेडल दाबायला आणि त्यांनी तो सरळ करायला हात घालायला एकच गाठ पडली. धप्प! साचा वर गेला तेव्हा त्यांच्या स्वेटरच्या ढगळ, लोंबत्या बाहीतून सहा नंबरचा डावा सोल कापून निघाला होता. हात केसाच्या अंतराने वाचला. मामंजींनी बाही डोळ्यांसमोर धरली, त्या पावलातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “कड मात्र स्वच्छ आली हो.” मी तिथेच फरशीवर बसकण मारली. सासूबाईंनी आधी मला पाणी दिलं, मग त्यांना झापलं, आणि मग तो स्वेटर कोणी विणला होता याची सगळ्यांना आठवण करून दिली.

मी कॉम्प्रेसरची वायर काढून कपाटात टाकली. हे बाहेरगावी कामावर असल्याने फोनवरूनच म्हणाले, विकून टाक. (यांचा सगळ्यावर हाच उपाय. माझी शिलाई मशीनही यांनी तोंडी दोनदा विकलेली आहे.) पण विकायचं म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी हात त्याखाली द्यायचा. ते मला पटेना. मग मी पदर खोचला. साच्याभोवती जाळी बसवली, जाळीला दार केलं आणि दाराला स्विच लावला. दार लागलं तरच हवा आत जाणार, उघडलं की सगळी हवा फुस्स करून बाहेर. जिवात जीव आला.

दुसऱ्याच दिवशी बघते तर दार सताड उघडं, मशीन धपाधप चालू, आणि मामंजी मजेत सोल कापताहेत! स्विचच्या फटीत त्यांनी कागदाची घडी करून दडपली होती. जन्मभर परीक्षेत कॉप्या पकडलेला हा माणूस, सगळ्या पोरांच्या युक्त्या तोंडपाठ! मी स्विच आत लपवला, पेडल काढून टाकलं आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन बटणं लावली. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे साच्याखाली जायला तिसरा हात आणणार कुठून? त्यांनी एका बटणावर खलबत्ता ठेवला. मी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच चालेल अशी जोडणी केली, आणि दर वेळी दोन्ही सोडायला लावली. ते एकावर हात नि दुसऱ्यावर कोपर घेऊन हजर! मग मात्र मी बटणं खोल वाट्यांत बसवली.

शेवटी रविवारी जाहीर परीक्षा झाली. सासूबाई आणि घाईघाई प्रेक्षक. मामंजींनी कोपर लावून पाहिलं, काठी लावून पाहिली, सासूबाईंची नजर चुकवून हनुवटीसुद्धा लावली. मशीन ढिम्म! घामाघूम होऊन ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सूनबाई, पास. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.” दोन मार्क हवा सुटताना ते दचकतात म्हणून कापले. घाईघाईने तिथल्या तिथे मोठी ऑर्डर दिली. दादा, मला शाळेत गणितात कधी पन्नासाच्या वर मिळाले होते का रे?

वहिनीला नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
धाकटी

ता. क. अक्षर पाहून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या तळहाताला टाके पडलेत. मशीनने नाही हं, उगाच त्याची बदनामी नको! भोपळा चिरताना सुरी सटकली.

दुसरा ता. क. तर मुद्दा असा, की ऑर्डर डोक्यावर आहे आणि मशीनला दोन हात लागतात. सासूबाईंचे हात टेबलाच्या दोन्ही टोकांना पुरत नाहीत, माझ्याबरोबर एक बटण दाबायला त्या तयार होत्या, पण मामंजी म्हणतात, दोन उमेदवारांनी मिळून एक पेपर सोडवायचा नसतो. त्यांचा स्वतःचा खांदा धरलाय. मी म्हटलं, मशीन माझं आहे, एका बटणाची तार तेवढी सोडवते, म्हणजे एका हाताने चालेल. तेव्हापासून ते मशीनसमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेत, जेवणसुद्धा तिथेच. तेव्हा दादा, मिळेल ती गाडी पकड आणि दोन्ही हात घेऊन ये.

तिसरा ता. क. मशीनच्या खोलीत शिरण्यापूर्वी ते तुझे खिसे तपासतील. राग मानू नकोस. माझेही तपासतात.