नाव गुप्त ठेवले जाईल

३ एप्रिल
यात्रा कमिटीचा फ्लेक्स लागला. इंजेक्शन घेऊन कुस्ती खेळणाऱ्या पैलवानाची खबर देणाऱ्यास पंचवीस हजार. नाव गुप्त ठेवले जाईल. उत्तम निर्णय. खेळ स्वच्छ झालाच पाहिजे.

भाचा यशराज सुया टोचून घेतो, हे मला माहीत आहे. पण घरचं घरात. मी चुगलखोर नाही.

५ एप्रिल
विचार केला. पैसे घेऊन खरं बोलणं चूक का? मास्तर पगार घेऊनच शिकवतात. (वकिलाचं उदाहरण मुद्दाम टाळलं.)
दुपारी वडूजला जाऊन सेकंडहँड बुलेट बघून आलो. सहज.

७ एप्रिल, सकाळी
यशराजला समजावायला तालमीत गेलो. त्याने थंडाईचा मोठा ग्लास पुढे केला. म्हणाला, मामा, तुमी लय वाळलाय. अशा वेळी तसला विषय काढणं बरं दिसत नाही. बदाम भरपूर होते.
आता पोराच्या तब्येतीसाठी तरी कमिटीकडे गेलंच पाहिजे.

८ एप्रिल
गेलो. अध्यक्ष धैर्यशीलराव म्हणाले, ह्या कानाचं त्या कानाला कळणार न्हाई. हलकं वाटलं. बुलेटला टोकन दिलं.

९ एप्रिल
कमिटीने यशराजला बोलावलं. त्याने लगेच कबूल केलं! आईसारखाच भोळा. कुस्ती रद्द. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण राही, रडत होती. मी धीर दिला. जवळच्याच कुणाचं तरी काम असणार, असंही म्हणालो.

११ एप्रिल, यात्रा
भर मैदानात माइकवर माझं नाव. खबर देणाऱ्याचा सत्कार! मी कुजबुजलो, अहो, गुप्त ठरलं होतं. अध्यक्ष म्हणाले, आवं, सत्काराबिगर पैसं द्यायची रीत हाय का आपल्यात? शाल, नारळ, फेटा. पाकीट हातात पडतंय तोच निवेदक ओरडला, ही रक्कम देवस्थानाला परत देणाऱ्या दिलदार माणसासाठी जोरदार टाळ्या! मी दिलदारपणे परत दिली. फोटोत हसलोय.

१२ एप्रिल
राही आली. शिव्या खायची तयारी होती. उत्तरंही पाठ होती: खेळ, नीतिमत्ता, तरुण पिढी. ती एवढंच म्हणाली, दादा, पोरगं सुया टोचतंय हे मला फुकट सांगितलं असतंस, तर मीच त्याला आवरलं असतं की.
मी म्हणालो, चहा तरी घे. चहा न घेताच गेली.