न विचारता दिलेलं उत्तर

ती. आईस, धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे, खोकलाही गेला. बाबांचं बीपी कसं आहे?

बोट निघायला आली. रेडिओ बसवून झाला. तो आसपासच्या सगळ्या बोटींना ऐकू जातो, आणि मदत लागलीच तर त्याच आधी पोचतील. लागणार नाही गं, पण असलेला बरा.

घरच्यांशी संपर्कासाठी सॅटेलाइट फोन घ्यायचा की नुसते लेखी निरोप धाडणारं-घेणारं छोटं यंत्र, हे कप्तानाने माझ्यावर सोडलं. मी यंत्र घेतलं. फोनवर तू "जेवलीस का?" विचारतेस आणि माझ्या "हो"वरूनच ओळखतेस की पोरगी घाबरलीय. लिहिलेल्यात आवाज कुठे असतो, म्हटलं.

काल यंत्र तपासायला पहिला निरोप तुलाच धाडला, "जेवले."

तुझं उत्तर लगेच आलं, "विचारलं नसताना सांगतेस? काय झालंय?"

कप्तान हसत सुटला. मला काही हसू आलं नाही.

आज जाऊन फोनही घेऊन आले. समुद्रातून करीन, तेव्हा आधी तू विचार, मग मी सांगते.

तुझी,
धाकटी