मी लिहिलेलं तुझं जेवण

माय,

बारा वर्षं झाली तुला जाऊन, आणि अजून मला तुझा राग येतो. गेलेल्या माणसावर रागवू नये, असं दादा म्हणतो. त्याला म्हणायला काय जातं!

तू शिरपूरजवळच्या आपल्या घरी दादा-वहिनीकडे राहायचीस, मी जळगावला कॉलेजात शिकवायचे. तुझे दंड इतके बारीक झाले होते, की बांगड्या थेट कोपरापर्यंत सरकायच्या. धुळ्याच्या एका दवाखान्यात तेव्हा साठीपुढच्या बायांवर अभ्यास चालू होता. खाल्लेल्या प्रथिनांचं अंगात काय होतं, किती अंगी लागतं आणि किती जळून श्वासावाटे निघून जातं, ते त्यांना बघायचं होतं. मीच तुझं नाव दिलं. तो पहिला दिवस मला जसाच्या तसा दिसतो. तू खिडकीजवळच्या पलंगावर मांडी घालून बसली आहेस. दर तासाला डॉक्टर मॅडम तोलून दिलेल्या खाण्याची छोटी वाटी आणतात, तू ती संपवतेस आणि मग एका पिशवीत फुंकर मारतेस. दिवसभर हेच. वाटीच्या कडासुद्धा तू बोटानं पुसून घेत होतीस. मी विचारलं, "आवडलं का गं?"

"कसानं आवडस! निस्तं फिक्कं शे. पन टाकी दिधं तर त्यास्नं काम बिघडी जाई ना."

तिथंच माझं डोकं फिरलं. जन्मभर मी तुझ्या मागे लागले, एक घास जास्त खा म्हणून. माझ्यासाठी खाल्ला नाहीस. स्वतःसाठी तर नाहीच. आणि मॅडमचं काम बिघडू नये म्हणून मात्र वाटी लख्ख!

पुढचे काही महिने घरी राहून नेमून दिलेलं खायचं होतं: घट्ट वरण, दूध, भाजलेले शेंगदाणे. आठवडाभर रोज काय खाल्लंस ते तुला विचारून मी एका डायरीत लिहायचं. त्यासाठी मी दर रविवारी एसटीनं यायचे. येताना तुझ्यासाठी स्टीलची खोलगट वाटी आणली, घरात कोणाचीच नव्हती एवढी मोठी. तू तिच्यात दुधाला विरजण लावलंस.

एका रविवारी मी लवकर पोचले. सगळ्यांची जेवणं झालेली, आणि तू ओट्याच्या आडोशाला बसून कळण्याची भाकरी ठेच्याशी खात होतीस. वरणाच्या पातेल्यात पाणी घालून, ते खळबळून, तेच ताटात ओतलेलं. मी वहिनीदेखत ओरडले. हे काय जेवण आहे? कोणासाठी उपाशी राहतेस? तुझा आवाज मी आयुष्यात कधी चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

"तू मना घास मोजू नको! मनी सासू मोजे."

मग तूच हात धुऊन आलीस, डायरी माझ्यापुढे सरकवलीस आणि म्हणालीस, "लिखी दे, बठ्ठं खादं म्हनीसन."

आणि सगळं खाल्लं म्हणून मी लिहिलं. घट्ट वरण, एक वाटी. दूध, एक पेला. त्या रविवारी लिहिलं, पुढच्याही लिहिलं. सासूच्या रांगेत मला बसायचं नव्हतं. शिवाय शिकलेल्या मुलीची आई पातेलं खळबळून जेवते, हे मॅडमना कळलं तर काय वाटेल, हेही होतंच.

धुळ्याला तपासणीत तुझ्या हाताची पकड आणखी कमी भरली. मॅडम डायरी चाळत राहिल्या. "मावशींचं खाणं तर छान आहे. मग ताकद का जातेय? दुसरं काहीतरी असणार." त्यांनी तुझं पुन्हा रक्त काढलं, एक्स-रे काढले, नसलेला आजार शोधत राहिल्या. तू पदर ओढून दंड झाकलास. मला तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तुलाही. दोघी खाली मान घालून बसलो.

मग तू अंगणात बादलीसकट पडलीस. खुब्याचं हाड मोडलं, ते मोडलंच. अंथरुणावर मी तुला चमच्यानं वरण भरवत होते, तर तू तोंड मिटून घेतलंस आणि विचारलंस, "तुना भाऊ जेवना का?" मी चमचा भिंतीवर फेकला. त्याची मला अजून लाज वाटत नाही.

तू गेल्यावर मॅडमचा फोन आला. फार हळू बोलत होत्या. "मावशींची माहिती अभ्यासात ठेवली तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. म्हणजे त्यांच्या कागदांत अजून एक म्हातारी आहे, जी रोज वाटीभर घट्ट वरण खायची आणि तरी झिजत गेली. ती तू नाहीस, माय. ती मी रचलेली आहे.

मॅडमचा नंबर अजून माझ्याजवळ आहे. हे सगळं खरं म्हणजे त्यांना लिहायचं होतं. तुला लिहिणं सोपं पडलं.