गढीच्या अलीकडचं झाड

बीड,
७ जानेवारी २०२६

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून आजी घाबरेल. तिला सांगा, पोरीला काही झालेलं नाही. फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, तुम्ही नुसतं हां हां करून फोन आजीच्या हातात देता, म्हणून ह्या वेळी कागद घेतला. तुम्ही सातवी पास आहात हे आम्हाला उठता-बसता ऐकवता. आता ते कामाला आणा.

आमच्या चित्रकलेच्या शिक्षणाचं हे शेवटचं वर्ष. आम्ही सहा जण मिळून फेब्रुवारीअखेर बीडमध्ये प्रदर्शन भरवतोय. सगळ्यांनी एकाच विषयावर चित्रं काढायची असं ठरलं आणि विषयावरूनच भांडणं लागली. लिंबागणेशच्या सत्यमला किल्ले हवे होते, मंजुषाला म्हाताऱ्या माणसांचे चेहरे. मी सहज बोलून गेले की गेवराई-बीड रस्ता रुंद करताना जी झाडं गेली तीच काढू. मग प्रत्येकाला आपलं एकेक झाड आठवू लागलं. नाव ठेवलंय ‘सावली होती’.

अडचण अशी की फोटो कुणाकडेच नाहीत. लोकांकडे लग्नाचे फोटो आहेत, नव्या ट्रॅक्टरचे आहेत. उभ्या झाडाचा फोटो कोण काढतो? माझं झाड कोणतं ते सांगायला नको. ज्याच्याखाली माझा जन्म झाला ते मी पाहिलंय, पण एसटीच्या खिडकीतून, पळताना. तुम्ही तिथं वर्षानुवर्षं मेंढरं बसवलीत. कसं होतं ते लिहा. आईचं जे आठवेल तेही लिहा.

आजीच्या गुडघ्याला तेल चोळत जा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
योगिता


चकलांबा,
१५ जानेवारी २०२६

चि. योगितास,
हरिबाचे अनेक आशीर्वाद.

पोस्टमन आला तर त्याच्या मागं गल्लीतली चार मानसं. कुनाला वाटलं कोरटाची नोटीस हाय. तुझ्या आजीनं चुलीवरची भाकर सोडली आन म्होरं येऊन बसली. भाकर करपली, आन शिव्या मला.

तर झाड. गढी गावाच्या अलीकडं, रस्त्याच्या उगवतीला, लई मोठा वड व्हता. रस्त्याकडच्या पारंब्या कधी वाढल्याच न्हाईत, ट्रकच्या टपाला घासून तुटायच्या. शेताकडच्या मात्र जमिनीत रुतलेल्या. समदी मेंढरं सावलीत बसून वर जागा उरायची. हे मी लिवायलोय आन तुझी आजी हितं बसून म्हनायली का वड न्हवताच, चिंच व्हती. तुझी आई पोटुशी आसताना त्याच झाडाच्या चिचा खायची, वडाला चिचा लागत्यात का, आसं इचारती. मी म्हनलं त्या चिचा बाजारातल्या आसतील. तवापसून बोलंना झालीय. तू काय काढायचं ते काढ, पर एकाची बाजू घेशील तर दुसऱ्याकडं भाकर मिळायची न्हाई.

दिवाळी झालती. गोदाकाठची चराई संपवून आमी बालाघाटाकडं चाललोतो. तुझ्या आईचे, सुकन्याचे दिवस भरत आलते. म्हनलं बाई, तू गावातच ऱ्हा, तर आइकली न्हाई. मेंढरं वाटंवर आन मी घरात बसून काय करू, आसं म्हनली. गढीच्या अलीकडं कळा सुरू झाल्या. तुझ्या आजीनं दोन लुगडी बांधून आडोसा केला. तुझा बा सुईन आनाया पळाला, आन ती येईस्तोर तू आलतीस. एक सरदारजी ट्रक थांबवून पान्याचा क्यान देऊन गेला. तुझं पहिलं रडनं आइकून मेंढरं बुजली आन रस्त्यावर पळाली. मी नातीचं तोंड बघायचं सोडून मेंढरामागं. तवा मला समदं ऐकू येत व्हतं.

म्होरं रस्ता रुंद व्हायचा आला. त्या तुकड्यातली झाडं पाडायचं कंत्राट गेवराईच्या मोहनरावाचं व्हतं, झेडपीवर निवडून गेलते तेच. पाडायच्या दिशी सुकन्या बघाया गेलती. माझं पाऊल न्हाई उचललं.

तुझा बा नाथा मेंढरं घेऊन लांब हाय, शिमग्याच्या आसपास येईल. खात-पीत जा. चित्रं पोट भरत न्हाईत.

आजी जवळ न्हाई, रुसून बसलीय, तरी तिचा आशीर्वाद मी घालतो.

तुझा आबा,
हरिबा


बीड,
२ फेब्रुवारी २०२६

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले. मग शेवटाकडं आले आणि तेवढ्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या.

आमच्या सहांत स्वप्नाली म्हणून एक आहे. प्रदर्शनाच्या प्रचाराचं सगळं तीच बघते. पोस्टर तिनं रंगवलं, गेवराईच्या स्टँडवर, चहाच्या टपऱ्यांवर आम्ही दोघींनी हिंडून चिकटवलं. लोकांना गाठून त्यांच्या झाडाच्या आठवणी ती मोबाइलवर घेते आणि रोज एक टाकते. लांबलांबची माणसं बघायला लागलीत. हॉल तिच्या वडिलांमुळं मिळाला, उद्घाटनही त्यांच्याच हातून व्हायचं होतं. आबा, ते वडील म्हणजे मोहनराव.

मी तुमचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. माझ्या जन्माचं वाचलं तेव्हा मंजुषाचे डोळे भरले. मग कंत्राटाचं वाचलं. सत्यम भडकला. ज्यांनी झाडं पाडली त्यांच्याच हातून दिवा लावायचा का, म्हणाला. मी स्वप्नालीला विचारलं की तुला ठाऊक होतं का. तिनं मान हलवली, होतं. कुणीतरी म्हणालं, हिचं नाव पोस्टरवरून काढा. ते कुणीतरी म्हणजे मीच. तिनं आपलं गुंडाळलेलं चित्र उचललं आणि गेली. ते चित्र तिनं आम्हाला अजून दाखवलंही नव्हतं.

सगळे म्हणतात, बरोबर केलंस. पण मला जुनंच आठवत राहतं. पहिल्या वर्षी माझ्याकडं रंग नसायचे तेव्हा ती न विचारता आपल्या नळ्या माझ्या पेटीत टाकायची आणि वर म्हणायची की तुझ्या पेटीत उंदीर उलटं काम करतात, नेत नाहीत, आणून ठेवतात. आबा, बरोबर केलं ना मी?

आजीचा रुसवा निघाला असेल तर तिलाही नमस्कार. उत्तराकडं डोळे लावून बसलेय.

तुमची,
योगिता


गेवराई,
४ फेब्रुवारी २०२६

ती. हरिबा आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी योगिताच्या वर्गातली स्वप्नाली, मोहनरावांची मुलगी. तुमचा पत्ता मंजुषाकडून घेतला. योगिताची तक्रार करायला हे पत्र नाही.

मी पाचवीत असेन. सुट्टी होती म्हणून वडिलांनी मला जीपमधून कामावर नेलं. गढीच्या अलीकडं एका मोठ्या झाडाशी मशीन लावून माणसं थांबली होती, कारण एक बाई झाडापाशी येऊन उभी राहिली होती. हिरवं लुगडं. चपला काढून तिनं एका हातात धरल्या होत्या आणि दुसऱ्या हाताचा तळवा बुंध्यावर टेकवला होता. रडत नव्हती, भांडतही नव्हती. माणसं हटा हटा ओरडत होती. ती तिच्या वेळेनं मागं सरली आणि मशीनवाल्याला तिनंच मानेनं खूण केली, की चालव आता. मी वडिलांना विचारलं ती कोण. ते म्हणाले, असेल कुणी मेंढपाळाची.

कॉलेजला आल्यापासून मी तिलाच काढतेय. दरवेळी काहीतरी चुकायचं. ह्या प्रदर्शनासाठी पहिल्यांदा ती नीट उतरली. पण कुणाला दाखवायची हिंमत होत नव्हती. कुठं पाहिलीस असं विचारलं तर वडिलांचं सांगावं लागेल. त्यांनी केलं ते चांगलं केलं असं मी म्हणू शकत नाही, आणि त्यांना टाकूनही देऊ शकत नाही.

त्या दिवशी योगिता तुमचं पत्र वाचत होती, त्यात तिची आई बघायला गेली होती असं आलं, आणि चित्र न उघडताच मी निघून आले. आजोबा, ती बाई योगिताची आई होती का? असेल तर ते चित्र माझ्याकडं राहू नये. एवढं कळवा. प्रदर्शनात मी नसले तरी चालेल.

लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर आपल्या नातीसारखंच मला रागवा.

आपली,
स्वप्नाली


चकलांबा,
१० फेब्रुवारी २०२६

चि. योगितास,
आशीर्वाद.

तुझं आन तुझ्या मैत्रिनीचं, दोनी पत्रं आली. तिचं ह्याच पाकिटात घातलंय. आदी ते वाच, मंग म्होरचं.

वाचलंस? ती सुकन्याच. तू झालीस तवापसून त्या झाडाखाली ती कधी पायतानानं गेली न्हाई. हे भाईरच्या कुनाला म्हाईत न्हाई. मी त्या पोरीला तसं लिवून धाडलंय.

आता तुझं. बरोबर केलं का म्हनून इचारतीस, तर न्हाई केलंस. झाडाचं दुख्ख हाय ते हाय, ते काय सरायचं न्हाई. पर मागल्या साली तुझ्या आजीच्या छातीत कळ आली, तवा त्याच रुंद रस्त्यानं तिला बीडच्या दवाखान्यात येळंवर नेली. आता मी त्या रस्त्याला शिव्या घालू का पाया पडू? मला अजून उमगलं न्हाई, आन तू एका दुपारी निकाल लावलास. मोहनरावाला बोलाव नायतर नको बोलावू, ते तुमी ठरवा. पर त्या पोरीनं लहानपनी एकडाव बघितलेली तुझी आई एवढे दिस मनात सांभाळली. आपल्याकडं सुकन्याचा एकच फोटू, आधार कार्डावरचा. त्यात ती चोर पकडल्यावानी दिसती.

मंग काहून बसलीस बीडात? गेवराईला जा. फोन करू नको, जा.

रागं भरलो तरी जीव तुझ्यापाशीच हाय.

तुझा आबा,
हरिबा


बीड,
२ मार्च २०२६

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी गेवराईला गेले. दार मोहनरावांनीच उघडलं. मी कोण ते सांगितलं, झाडाचं सांगितलं. बोलायचं खूप पाठ करून नेलं होतं. ते ऐकून घेऊन म्हणाले की पोरी, खोटं कशाला बोलू, त्या तुकड्यातली किती झाडं पाडली, हे कोणतं ते मला आठवत नाही. राग आला मला. पण ते माझ्याकडं न बघता स्वतःच्या हातांकडं बघत होते, आणि पाठ केलेलं सगळं मी विसरले.

मग स्वप्नालीनं आत नेऊन चित्र दाखवलं. आबा, तोंड दिसत नाही. पाठमोरी आहे. पण एका पायावर भार टाकून, मेंढरांमागं दिवसभर उभं राहणारं माणूस राहतं तसं. हातातल्या चपला. मानेवर सुटलेले केस. मी आई म्हणाले, एकदम मोठ्यानं, तिच्या घरात. स्वप्नालीची आई पोह्यांची ताटली घेऊन दारातच थांबली. माफी मागायचं राहूनच गेलं. दोघी नुसत्या रडलो आणि गार झालेले पोहे खाल्ले.

मोहनरावांनी आपणहून निरोप धाडला की पत्रिकेतून त्यांचं नाव काढावं. आम्ही कुणालाच पाहुणा केलं नाही. दार उघडलं आणि लोक आत आले. आणि किती आले! एक निवृत्त एसटी ड्रायव्हर प्रत्येक चित्रापुढं उभं राहून, इथं गाडी तापायची, इथं पाणी घालायचो, असं बायकोला सांगत होता. आपापलं झाड लिहायला भिंतीवर मोठा कागद लावला होता, तो भरला, तर लोक भिंतीवर लिहायला लागले आणि हॉलचा माणूस आमच्यावर ओरडला.

माझ्या झाडाला मी पानंच काढली नाहीत. नुसता बुंधा आणि सावली. कोणतं झाड असं विचारणाऱ्याला मी म्हणायचे, चकलांब्याला निकाल लागायचाय.

शेवटच्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, मोहनराव एकटे आले. लेकीच्या चित्रापुढं बराच वेळ उभे होते. मग मला विचारलं की ही आता कुठं असते. मी सांगितलं, त्यानंतर दोन वर्षांनी गेली. त्यांनी हात जोडले, चित्राला की मला ते कळलं नाही, आणि निघून गेले.

येत्या रविवारी आम्ही दोघी चित्र घेऊन येतोय. स्वप्नालीला आजीची भाकरी खायचीय. करपलेली चालेल म्हणते.

येईपर्यंत दोघं भांडू नका.

तुमची,
योगिता


चकलांबा,
१२ मार्च २०२६

चि. योगितास,
आन चि. स्वप्नालीलाबी वाचून दाव. दोगींना अनेक आशीर्वाद.

तुमी गेल्यापसून घर सुनं झालंय. तुझी आजी दोन दिस चित्रापुढंच बसून निवडनं-टिपनं करायली. मधीच तिच्याशी बोलती. मला ऐकू येत न्हाई, ते बरंच हाय.

काल तुझा बा मेंढरं घेऊन आला. आमी त्याला चित्राचं काय सांगितलं न्हवतं. तुला म्हाईतच हाय, सुकन्या गेल्यापसून नाथानं तिचं नाव घेतल्यालं न्हाई, कुनी काढलं तर उठून जायचा. पाय धुऊन आत आला, आन भिंतीकडं बघून तिथंच थांबला. आजीला वाटलं, आता उठून जातो. तर खाली बसला. चहा न्हाई, पानी न्हाई. बसला.

मंग बोलाया लागला. मला ऐकू यावं म्हनून जोरात बोलायलाता, आर्ध्या गल्लीला ऐकू गेलं आसंल. म्हनला, झाड पाडलं त्या सांजंला सुकन्या मेंढरांच्या वाड्यावर परत आली. त्याला वाटलं ही आता रडंल, म्हनून त्यानं आधीच चूल पेटवून ठिवलती. तर ती आली, पाय झटकले, चपला घातल्या आन हसली. म्हनली, जाऊ द्या झाड. त्याच्याखालचं आपलं ते आपल्यापाशी हाय, आन उद्या योगिताची शाळा हाय, तिचा गनवेश धुतला का तुमी?

हे तू आइकलं न्हवतंस. आमीबी न्हवतं. म्हनून आज लगोलग लिवलं.

तुझा आबा,
हरिबा