स्वल्प कमी कर गं

अण्णा,

आपल्या मल्लेश्वरमच्या घरात बसून लिहितेय. आज दुपारी माझ्या जोडीदाराचा जर्मनीहून फोन आला. जोडीदार म्हणजे संगीतातला. हे शेजाऱ्यांना समजावताना तुमची कोण तारांबळ उडायची. तो आता आमची जोडी मोडतोय. त्याच्या कानात सतत शिट्टी वाजते, डॉक्टरांनी मोठा आवाज बंद करायला सांगितलाय. मला राग नाही आला. शिकायला गेले तिथे एका तळघरात आम्ही ट्रान्स, ते यंत्रांवरचं नाचायचं संगीत, बनवायला लागलो, मग नोकऱ्या सुटल्या, मोठमोठी सभागृहं मिळाली, मग हळूहळू लहान. पोस्टरवर कायम ‘जर्मन जोडी’. त्यातली निम्मी मल्लेश्वरमची आहे, हे सांगायचा मलाच कंटाळा यायचा.

फोन खरं तर त्या गाण्यासाठी होता. तो इथे आला होता ना, तेव्हाचं. त्याला आपल्या मिक्सरची घरघर हवी होती. मी स्वयंपाकघरात मिक्सर चालवतेय, तो रेकॉर्डर धरून उभा आहे, आणि तुम्ही चिकपेटच्या साडीच्या दुकानातून दमून येता. चप्पलही न काढता दारातूनच म्हणता, “स्वल्प कमी कर गं, शेजारी माणसं राहतात.” मग त्याला बघून ओशाळता. “कॉफी घेतो का विचार त्याला.”

त्याने त्या रेकॉर्डिंगमधून तेवढा ‘स्वल्प’ उचलला, आपल्या मराठीत मिसळलेला कन्नड शब्द. ठेका थांबतो, तुमचा शब्द येतो आणि सगळं पुन्हा उसळतं. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं तेच. हा भारतातला जुना मंत्र आहे, असं त्याने एका मुलाखतीत ठोकून दिलं. तुम्हाला सांगितलं तर हसता हसता ठसका लागला. “थोडं म्हणायला मंत्र कशाला गं? चिकपेटेत भाव करताना गिऱ्हाईक दिवसभर तोच जपतंय, स्वल्प कम्मी माडी!”

आता आमची गाणी काढणाऱ्या कंपनीला ते गाणं नव्याने काढायचंय, एका गायकाच्या स्वच्छ आवाजात. तुमच्या आवाजातून मिक्सर वेगळा निघत नाही म्हणे. मी नको म्हटलं. तो चिडला, कारण मग ते पुन्हा निघणारच नाही. तेव्हा सांगितलं, की घरात फोटो आहेत, चष्मा आहे, पण मूळ रेकॉर्डिंग कधीच गेलं आणि माझ्या वडिलांचा आवाज त्या एका शब्दापुरताच उरलाय. मग तो म्हणाला, राहू दे तसंच.

एक मात्र त्यालाही सांगितलं नाही, आणि हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून इथे लिहिते. कार्यक्रमात तुमच्या शब्दावर आवाज एकदम उतरायचा, आणि त्या शांततेत सगळं सभागृह ‘स्वल्प’ ओरडायचं. ही माझी खास युक्ती, असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. युक्ती कसली, अण्णा. तुम्ही म्हणालात की माझा हात आपोआप आवाज कमी करायला जायचा.