उबेला ठेवलेल्या कुप्या

टोर्विक, मिनेसोटा
१४ ऑक्टोबर

प्रिय कोरिन,

तुझ्या लेकीने, ब्रिटाने, तुला फोनवर सांगितलंच असेल की आर्लिस मावशीचं डोकं फिरलंय, दर दोन दिवसांनी दारात पाण्याचे कॅन ठेवते आणि बेल न वाजवता पळ काढते. डोकं फिरलेलं नाही. त्या कॅनबद्दलच लिहायचं आहे, पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला चाळीस वर्षं ठाऊक आहे. तेव्हा कॉफी ओतून घे आणि बस.

इकडे सगळं तुझ्या वेळचंच आहे. चर्चच्या तळघरात तोच भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश आणि तीच कॉफी, जिच्यातून कपाचा तळ दिसतो. तुझ्या घराला ब्रिटाने पिवळा रंग दिलाय. मला नाही आवडला, पण मला कोण विचारतं. तिची लेना पाच महिन्यांची झाली. पोरीची हनुवटी थेट तिच्या गेलेल्या आजोबाची, वेंडेलची आहे. ब्रिटा तिला माझ्या मांडीवर देते तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसते. का, ते पुढे येईलच.

माझी नोकरी चालू आहे. अजून तीन वर्षं. तेच काम, गावभर रोवलेल्या तपासणीच्या बोअरमधून पाणी काढायचं, कुप्या भरायच्या आणि लॅबला पाठवायच्या. तू मला ‘गावची नर्स’ म्हणायचीस, जमिनीचं रक्त काढणारी. पंपांच्या कारखान्याने ग्रीस धुण्याचं द्रावण वर्षानुवर्षं मागच्या खड्ड्यात ओतलं, ते खाली पाण्यात उतरलं आणि आपल्या गावाखालून हळूहळू सरकत राहिलं. मग सरकारने नकाशावर रेषा काढली. रेषेच्या आतल्या घरांना नगरपालिकेचा नळ मिळाला, बाहेरच्यांनी आपापल्या बोअरचं पाणी प्यायचं. तुझं घर बाहेर राहिलं, ते अकरा नंबरच्या बोअरमुळे. तुझ्या लायलॅकच्या झुडपापाशी आहे ती. तिचं पाणी चार वेळा तपासलं. तीनदा स्वच्छ आलं, एकदा, उन्हाळ्यात, खराब. तिनाविरुद्ध एक म्हणून उन्हाळ्याचा आकडा चुकीचा धरला आणि रेषा अकराच्या अलीकडे थांबवली. वेंडेलला किती आनंद झाला होता! “क्लोरीनचा वास मारणारं पाणी तुम्हीच प्या लेको,” असं तो रेषेच्या आतल्या सगळ्यांना चिडवत फिरला होता.

आता खरं सांगायला सुरुवात करते. या वर्षी ऑफिसने आम्हा म्हाताऱ्यांना ऑनलाइन प्रशिक्षणाला बसवलं. जमिनीतलं पाणी साफ करायच्या आणि त्यावर नजर ठेवायच्या नव्या पद्धती, सहा मंगळवार, दुपारी एक ते तीन. दोनशे माणसं, सगळ्यांचे आवाज बंद. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एकीकडे रुबार्बचे आंबट देठ चिरायची. पहिले दोन मंगळवार मी फक्त नाकं मुरडली. नमुना घ्यायला बोअरच्या पाण्यात आठवडाभर लटकवून ठेवायच्या पिशव्या, आपोआप आकडे पाठवणाऱ्या तारा. सत्तावीस वर्षं बादली उपसलेल्या बाईला हे कोण शिकवणार, असं माझं चाललं होतं. तिसऱ्या मंगळवारी शिकवणाऱ्या बाईने जमीनच तापवायची पद्धत सांगितली. जमिनीत सळया खुपसून खालचं सगळं गरम करतात. “हे द्रावण फार उतावळं आहे,” ती म्हणाली, “थोडी ऊब मिळाली, वाट दिसली, की उडालंच. आपण फक्त वर तोंड लावून ओढून घ्यायचं.” माझी सुरी थांबली. मला तुझं अंगण दिसलं आणि फेब्रुवारी.

तो फेब्रुवारी तुलाही आठवत असेल, तुझी गाडी आठवडाभर सुरू झाली नव्हती. उणे अठ्ठावीस. मी अकरावर गुडघे टेकून कुप्या भरत होते आणि दोन तडकल्या, आतलं पाणी गोठून. वेंडेल कॉफीचा थर्मास घेऊन बाहेर आला. म्हणाला, “आर्लिस, आण इकडे त्या. बोटं गळून पडतील तुझी.” त्याने उरलेल्या कुप्या कोटाच्या आतल्या खिशात घातल्या, छातीशी, आणि खुडूक कोंबडीसारखा क्वॉक क्वॉक करत उभा राहिला. “उबवतोय,” म्हणे. मी इतकी हसले की थर्मासचं झाकण बर्फात पडलं. वीस मिनिटांनी त्याने त्या परत दिल्या तेव्हा प्रत्येकीत बुडबुडा धरला होता. बुडबुडा चालत नाही, एवढा नियम मला पाठ होता. म्हणून मी झाकणं उघडली, वरून पाणी भरलं आणि पुन्हा लावली. कुप्या पहिल्यापासून गार ठेवायच्या, हाही नियम मला पाठ होता. पण त्या थंडीत गारव्याची कसली काळजी, असं वाटलं. त्यानंतर हिवाळ्यातल्या प्रत्येक फेरीला मी हेच केलं, तो नसेल तेव्हा गाडीच्या हीटरवर. जे मोजायचं होतं ते उबेने बुडबुड्यात चढलं, आणि झाकण उघडून मी ते स्वतःच्या हाताने उडवून दिलं, कोरिन. ते तिन्ही स्वच्छ नमुने थंडीतले होते. खरा होता तो उन्हाळ्याचा आकडा.

मी तिथेच प्रश्न टाइप केला, नाव न घालता. कुप्या वीस मिनिटं खिशात राहिल्या आणि मग उघडल्या, तर किती फरक पडेल? बाईने तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि हसून म्हणाली, “असं कोणी करत नसेल अशी आशा करू या.” मग पुढच्या चित्राकडे वळली.

पुढच्याच आठवड्यात मी अकरात नवी पिशवी सोडली. हवेचा दाब उतरला की ती बोअर उसासा टाकते हे तुला माहीत आहे, झाकण काढलं की आतून गार वारा येतो. आम्ही सगळे त्यावर विनोद करायचो. त्या दिवशी वारा आला आणि मला पाठीमागे बर्फात बूट वाजल्यासारखे वाटले. सप्टेंबर होता, बर्फ कुठला! मी मागे वळले नाही. आता दर वेळी वाजतात. लॅबचा आकडा आला, मर्यादेच्या नऊ पट.

कॅन मी तेव्हापासून ठेवत होते, आणि ब्रिटाला थाप मारली की पाण्याला वास येतोय. मला वाटलं, आधी तुला सांगावं, मग तिला. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही. सोमवारी धीर करून आत गेले तर ती म्हणाली, “मावशी, तुझं पाणी जिरेनियमला घालते हं मी. बाबाची बोअर असताना दुकानातलं कोण पितं?” मग मी सांगितलं. ती ओरडली नाही. तिने लेनाच्या तोंडातली, त्याच पाण्यात कालवलेल्या दुधाची बाटली काढली आणि बेसिनमध्ये ओतली. लेना रडत राहिली. त्या दोघी आता माझ्याकडे वरच्या खोलीत आहेत, आणि ब्रिटा माझ्याशी मोजकंच बोलते. लेनाची तपासणी गुरुवारी आहे. वेंडेल ज्यात गेला ते मूत्रपिंडाचं दुखणं त्या पाण्यानेच झालं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कोणीच सांगू शकणार नाही. ते उत्तर घेऊन मला जगता येत नाही, आणि नाकारताही येत नाही.

सोबत एक कागद आहे. घर तुझ्या नावावर आहे, म्हणून घरची बोअर तपासायला तुझी सही लागते. सही करून लगेच पाठव. नमुना मी घेणार नाही, दुसरं कोणीतरी येईल. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही, कागद नुसता पाकिटात घालूनही चालला असता. रेषा बदलायची तर आधीचे आकडे का चुकले याचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे माझ्या वहीतलं त्या फेब्रुवारीचं पान. त्यावर मी लिहिलंय, ‘कुप्या वेंडेलने उबेला ठेवल्या.’ एवढंच. हे पान पुढच्या आठवड्यात नगर सभेत वाचलं जाईल, आणि तळघरात कोणीतरी कॉफी ओतताना म्हणेल की बिचाऱ्याने स्वतःच ओढवून घेतलं. पान फाडून टाकावं असं दोनदा मनात आलं. ते मी काल दिलं, आणि जे तेव्हा लिहिलं नव्हतं ते खाली कालच्याच तारखेने लिहून सही केली. ते तुला गावाच्या आधी कळायला हवं. कुप्या खिशात घालण्याआधी त्याने मला विचारलं होतं, कोरिन. म्हणाला, “चालेल ना गं असं?” आणि मी म्हणाले, “चालेल की.”

तू अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
आर्लिस